गोड्या मसाल्यातली कडसर चव : दगडफुलाच्या एका पिशवीचं प्रकरण

गिरगावातल्या एका चाळीत माझी आत्या आणि तिच्याबरोबरच्या सहा बायका दर उन्हाळ्यात गोडा मसाला करतात. होळी झाली की धणे गच्चीवर उन्हात पडतात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे पहिला घाणा भाजून डंकावरून कुटून येतो. गिऱ्हाईक ठरलेलं आहे. दादर, पार्ले, डोंबिवलीची जुनी घरं, आणि मे महिन्यात माहेरी येऊन वर्षाचा मसाला बांधून नेणाऱ्या मुली. या वर्षी पहिला घाणा घरोघर पोचल्यावर दोन आठवड्यांत चार घरांतून एकाच अर्थाचा निरोप आला. आमटी आधी छान लागते, पण घास गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी कडू राहतं.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आत्याने मला फोन केला तो सल्ला मागायला नव्हे, मन मोकळं करायला. तीस वर्षांत तिच्या मसाल्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्या फोनपासून दगडफुलाच्या पिशवीपर्यंत आम्ही कसे पोचलो आणि पिशवीत काय निघालं, ते इथे सगळं लिहून ठेवते आहे. घरी मसाला करणाऱ्या कितीतरी जणींच्या उपयोगी पडेल.

आत्याने माझ्याआधीच बरंच शोधून ठेवलं होतं. मसाला कडू होतो तेव्हा पहिला संशय तिळावर जातो, कारण तीळ क्षणात करपतात. दुसरा शहाजिऱ्यावर. नागकेशर हाताबाहेर पडलं तरी कडवटपणा येतो. खोबरं जुनं असेल तर मसाला खवट होतो, पण खवट वेगळं आणि कडू वेगळं, खवट मसाला घसा धरतो. तिने उरलेल्या जिनसांतून पाव किलोचे छोटे घाणे केले, दर वेळी एकेक जिन्नस वगळून. तीळ वगळले, कडू राहिलं. नागकेशर वगळलं, कडू राहिलं. दगडफूल वगळलं तेव्हा कडू गेलं, पण त्याबरोबर मसाल्याचा वासही बसला. आत्याच्या शब्दांत, "मसाला मुका झाला गं." प्रयोगशाळेत याहून नेटका प्रयोग मी विद्यार्थ्यांकडून करून घेतला नसता.

मग दगडफूल करपलं असेल का? तेही तिने पाहिलं. मंद आचेवर, जास्त तेलात, डोळ्यात तेल घालून भाजलं. तरी कडूच. तेव्हा ती म्हणाली, "तू झाडंपानं शिकवतेस ना, मग हे काय झाड आहे ते सांग." आणि अर्ध्या किलोची उरलेली पिशवी माझ्या हातात दिली.

दगडफूल हे झाड नाही, पान नाही, मूळही त्याला नाही. मराठीत त्याचं शास्त्रीय नाव शैवाक, म्हणजे शैवल आणि कवक यांचा जोडशब्द, आणि तो जीवही तसाच जोडलेला आहे. बुरशीच्या धाग्यांनी बांधलेल्या घरात हिरव्या शैवलाच्या पेशी राहतात. शैवल उन्हातून साखर बनवतं, बुरशी आसरा आणि ओल देते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये हे मांडलं तेव्हा त्या काळच्या बऱ्याच शैवाकतज्ज्ञांना ते पटलं नव्हतं. आपल्या प्रकरणात महत्त्वाची आहे ती बुरशी, कारण ती काही खास आम्लं तयार करते आणि ती स्फटिकांच्या रूपात धाग्यांच्या बाहेर साठवते. ही आम्लं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. म्हणून कच्चं दगडफूल हुंगलं तर मातीसारखा मंद वास येतो, पाण्यात भिजवलं तरी फार फरक पडत नाही, आणि कढत तेलात पडलं की सगळं घर दरवळतं. आपल्या आज्यांनी दगडफूल कोरडं न भाजता तेलात परतायची पद्धत ठेवली ती अनुभवातून, पण तिच्यामागे हे कारण आहे. मात्र तेल सुवास उचलतं तसं दुसरंही काही उचलतं.

पिशवी मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ओतली. निम्मा माल अख्खा होता, निम्मा चुरा. अख्खे तुकडे भिंगाखाली पाहत वेगळे करत गेले आणि तासाभरात चार ढीग झाले.

पहिला ढीग पट्ट्यांचा. अरुंद, दुभंगत जाणाऱ्या, वरून राखाडी, खालून काळ्या आणि पन्हळीसारख्या आत वळलेल्या पट्ट्या. कडांना ओळीने काळे बारीक केस, पापण्यांसारखे. हे एव्हर्नियास्ट्रम सिऱ्हाटम. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२५ मध्ये त्याला पार्मेलिया सिऱ्हाटा म्हटलं. पुढे ते एव्हर्नियास्ट्रम या प्रजातीत गेलं, आणि डीएनएच्या आधारे २०१३ पासून हायपोट्रकायना सिऱ्हाटा म्हणून ओळखलं जातं. मी जुन्या नावाचीच आहे, सवय सुटत नाही. हिमालयात बांज (तिथला ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या फांद्यांवर, आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांवर, जिथे धुकं रोज झाडांना धुऊन जातं, तिथे ते वाढतं. कुमाऊंमध्ये फांद्यांवर झुलणाऱ्या या सगळ्या मंडळींना झूला म्हणतात.

दुसरा ढीग रुंद पानांचा, कडा लाटेसारख्या मुरडलेल्या, खालचा भाग काळा आणि कडेला तपकिरी. हे पार्मोट्रेमा. यातही दोन तऱ्हा होत्या. काहींच्या पृष्ठभागावर रव्यासारखे दाणे उभे होते, तर काहींच्या कडांवर पिठाची रेघ ओढल्यासारखी भुकटी होती. महाबळेश्वरच्या सहलीत पिसा, हिरडा, अंजनीच्या बुटक्या झुडपांवरून गळून पडलेले पहिल्या तऱ्हेचे नमुने आमच्या कपाटात होते. शेजारी ठेवले तर फरक ओळखू येईना.

तिसरा ढीग मला चुऱ्यात बोटं घालेपर्यंत दिसलाच नव्हता. पिवळसर हिरवे दोरे, कुठे गुंता, कुठे सुटे. एक दोरा दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणला. वरची साल तुटली आणि आतून पांढरी, रबरासारखी ताणली जाणारी शीर दिसली. ही अस्नियाची खूण, दुसऱ्या कुठल्या शैवाकाशी तिची गल्लत होत नाही. चुऱ्यात अस्निया भरपूर होतं.

चौथ्या ढिगात उरलेलं सगळं: सालीचे तुकडे, शेवाळ, माती, आणि चिडाच्या सुया. सुया मी जपून बाजूला ठेवल्या. एका बुडखातून तीन सुया निघालेल्या होत्या. तीन-तीन सुयांचा, हिमालयाच्या खालच्या उतारांवर पसरलेला पाइन म्हणजे चीड. दुकानदाराला विचारायच्या आधीच पिशवीतला निदान काही माल कुठून आला ते कळलं होतं.

नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेलं. शैवाकांसाठी एक जुनी, सोपी चाचणी आहे. वरची कातडी ब्लेडने खरवडून आतला पांढरा गर उघडा करायचा आणि त्यावर एकेक थेंब टाकायचा, एक कॉस्टिक पोटॅशचा, एक ब्लीचचा. रंग बदलला तर कोणतं आम्ल आहे त्याचा अंदाज येतो. ही पद्धत १८६६ मध्ये फिनलंडचे शैवाकतज्ज्ञ विल्यम निलांडर यांनी रूढ केली, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं पाहून हवेच्या शुद्धतेशी त्यांचा संबंधही त्यांनीच मांडला. आमच्या पट्ट्यांचा गर पोटॅशने आधी पिवळा आणि मिनिटभरात रक्तासारखा लाल झाला. हे सॅलाझिनिक आम्ल. दाणेदार रुंद पानावर ब्लीचचा थेंब पडताच गुलाबी-लाल डाग उमटला, म्हणजे लेकॅनोरिक आम्ल, आणि म्हणजे पार्मोट्रेमा टिंक्टोरम. टिंक्टोरम म्हणजे रंगाऱ्यांचं. अमोनियात मुरवलं की त्यातून जांभळा रंग निघतो. भुकटीच्या कडेच्या पानावर ब्लीचने काहीच झालं नाही, पोटॅशने पिवळं होऊन नारिंगीकडे गेलं. ते पार्मोट्रेमा पर्लाटमच्या गटातलं. नावं लावताना मी डॉ. धरणीधर अवस्थींची १९८८ ची भारत-नेपाळच्या शैवाकांची ओळखकिल्ली समोर ठेवली होती. लखनौला बसून त्यांनी या विषयाला आयुष्य दिलं. पुण्यात आघारकर संस्थेत पटवर्धन आणि मखिजा यांनी सह्याद्रीच्या शैवाकांवर काम केलं. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या जिनसेवर इतक्या माणसांनी इतकं काम केलं आहे, हे आपल्या घरांत ठाऊक नसतं याची मला खंत वाटते.

नावं कळली, पण कडू कोण ते कळलं नव्हतं. त्यासाठी गिरगावच्या स्वयंपाकघरात परत यावं लागलं. त्यातून आत्याकडे गेल्या वर्षीचं मूठभर दगडफूल एका डब्यात सापडलं. ते आमच्या फार कामाचं ठरलं. तो डबा उपडा केला तर त्यात पट्ट्याच पट्ट्या, थोडी रुंद पानं आणि दोऱ्यांचं जेमतेम नाव.

एका रविवारी सकाळी पाच वाट्या केल्या. चार ढीग आणि गेल्या वर्षीचं दगडफूल. प्रत्येकातलं एक चमचा, तेवढंच शेंगदाण्याचं तेल, तीच कढई दर वेळी पुसून, तीच आच. परतून, कुटून, बिनमसाल्याच्या साध्या वरणात चिमूटभर टाकलं. वाट्यांखाली मी चिठ्ठ्या ठेवल्या आणि चव घेणाऱ्या तिघींना काहीच सांगितलं नाही. आत्या, तिच्याबरोबर पहिल्यापासून असलेल्या वहिनी, आणि शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी.

पट्ट्यांची वाटी आणि गेल्या वर्षीची वाटी तिघींनी एकमताने "आपली" म्हणून ओळखली. डब्यातला माल वर्षभर जुना असूनही वास टिकून होता. रुंद पानांच्या वाटीबद्दल वहिनी म्हणाल्या, "वास आहे, पण पावसाळी आहे." कडू मात्र नाही. सालकचऱ्याची वाटी तुरट लागली. आणि दोऱ्यांची वाटी तोंडात घेतल्यावर आत्याने दोन क्षण थांबून चमचा खाली ठेवला. "हीच," ती म्हणाली. मुलीने पाणी मागितलं.

दोऱ्यांत अस्निक आम्ल असतं. पिवळं, चवीला कडू, आणि पाण्यापेक्षा तेलात सहज जाणारं. अस्नियाचा पिवळट हिरवा रंगही त्याचाच. पट्ट्या आणि रुंद पानं राखाडी दिसतात ती त्यांच्या कातडीतल्या अॅट्रानोरिनमुळे. म्हणजे हे दोन पदार्थ रंगावरून ओळखता येतात, प्रयोगशाळा लागत नाही. मग इतक्या अनुभवी बायकांच्या नजरेतून इतके दोरे सुटले कसे?

हे विचारलं तेव्हा आत्या आधी गप्प राहिली, आणि मग वहिनींनी सांगितलं. दरवर्षी दगडफूल कोरडंच निवडायचं, मग झटकून परतायचं. या वर्षी चुऱ्यात धूळ फार होती, म्हणून त्यांनी ते आधी तीन पाण्यांतून काढलं आणि ओलं असतानाच ताटात पसरून निवडलं. ऐकताक्षणी मला उत्तर मिळालं. शैवाक भिजलं की वरची कातडी पारदर्शक होते आणि आतल्या शैवलाचा हिरवा रंग दिसू लागतो. राखाडी पट्टी ओली झाली की हिरवी होते. ज्या रंगाच्या फरकावर इतकी वर्षं त्यांची नजर नकळत काम करत होती, तो फरक पाण्याने पुसून टाकला होता. त्यांनी स्वच्छतेसाठी कष्ट घेतले आणि त्या कष्टांतूनच चूक झाली. मी एक राखाडी तुकडा त्यांच्यासमोर पाण्यात बुडवून दाखवला. तो हिरवा होताना पाहून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. सबंध महिना त्या स्वतःचा हात बिघडला असं समजत होत्या.

चुरा घेतला कशाला, हा प्रश्न उरला होता. त्यासाठी लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत गेलो. दुकानदार आत्याला पंचवीस वर्षं ओळखतात. त्यांनी काही लपवलं नाही. "मावशी, अख्खा माल या खेपेला महाग होता, तुम्हाला परवडावं म्हणून मी मिक्स दिलं," ते म्हणाले. माल गोणीतून वाशीच्या घाऊक बाजारातून येतो. गोणीवर फक्त दगडफूल लिहिलेलं असतं. हिमालयातला माल आणि दक्षिणेतला माल वाटेत कुठे मिसळतो ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी चिडाच्या सुया दाखवल्या, तर त्यांनी त्या बराच वेळ हातात फिरवल्या. हा कचरा ते नेहमी झाडून टाकतात.

दगडफुलाची शेती कोणी करत नाही. सगळं जंगलातून येतं. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारा हा जीव आहे, तळहाताएवढं शैवाक व्हायला कितीतरी पावसाळे जावे लागतात. गळून पडलेल्या फांद्यांवरचं वेचलं तर जंगलाचं फारसं बिघडत नाही, पण फांदी तोडून किंवा साल खरवडून काढलं तर त्या जागी ते परत यायला फार काळ जातो. आमच्या पिशवीतले सालीचे तुकडे मला म्हणूनच खुपले. ते गळलेल्या काटक्यांचे नव्हते, खरवडलेल्या खोडाचे होते. आणि अस्निया तर हवेच्या बाबतीत शैवाकांतलं सर्वांत हळवं. गंधकाची वाफ, धूर त्याला सोसत नाही. मुंबईत आपल्याला खोडाला चिकटलेली, रंगाच्या डागांसारखी शैवाकंच जास्त दिसतात. आंब्याच्या खोडावरचं राखाडी-पांढरं पायक्झाइन कोकोज त्यांतलं एक, ते शहराची हवा सोसतं. झुलणारं अस्निया या शहरात मी कधी पाहिलेलं नाही. ज्या झाडावरून ते आमच्या पिशवीत आलं, तिथली हवा निर्मळ असणार.

शैवाकाला मूळ नसतं आणि पानांना असतो तसा मेणाचा थरही नसतो. पाऊस आणि हवा यांतून जे येईल ते सगळं ते शोषून घेतं, त्यात शिशासारखे धातूही आले. त्यामुळे रस्त्याकाठच्या झाडावरचं शैवाक आणि दाट जंगलातलं शैवाक ताटात सारखंच दिसलं तरी सारखं नसतं. गोणीवर गावाचं नाव असावं असा माझा आग्रह यासाठी आहे. दुकानदारांनी पुढच्या खेपेला विचारून ठेवायचं कबूल केलं.

कडू मसाल्याने कोणाला अपाय झाला असेल का, हे आत्याने मला तीनदा विचारलं. २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अस्निक आम्ल असलेल्या एका वजन उतरवण्याच्या गोळीबद्दल यकृताच्या त्रासाचा इशारा दिला होता. ती गोळी माणसं रोज घेत होती, आणि तिच्यात ते आम्ल मुद्दाम घातलेलं होतं. आमच्याकडे किलोभर धण्यांना पन्नास ग्रॅम दगडफूल, त्यात दोऱ्यांचा वाटा, आणि आमटीत मसाला एक चमचा. कोणाला काही त्रास झाल्याचं आलं नाही. तरीही कळल्यानंतर ते मसाल्यात ठेवणं मला मान्य नव्हतं, आत्यालाही नव्हतं. तिने चारही घरांचा मसाला परत मागवला, उरलेला घाणा विकला नाही, आणि पैसे न घेता नवा मसाला पोचवला. त्या महिन्याचा नफा त्यात गेला. मी भरपाई देऊ केली, तिने घेतली नाही.

नव्या घाण्याला अख्खं दगडफूल आणलं, महाग मिळालं तरी. आता ते कोरडं असतानाच खिडकीशी बसून निवडतात. पिवळट हिरवं दिसलं की बाजूला, ताणून आत पांढरी शीर निघाली की नक्की बाजूला, साल चिकटलेली असेल तर नखाने काढायची. धूळ असेल तर निवडून झाल्यावर धुवायचं आणि सावलीत खडखडीत वाळवायचं. रुंद पानं टाकत नाहीत. वहिनींच्या मते नुसत्या पट्ट्यांचा मसाला जरा तिखट वासाचा होतो, चार रुंद पानं त्याला खाली आणतात. मी त्यावर काही बोलले नाही. इतकं बारीक मला ओळखता येत नाही.

बाजूला निघालेले दोरे मी कागदी पाकिटांत घालून कॉलेजात ठेवले आहेत, चिडाच्या सुयांसकट. पाकिटावर जागा लिहायची असते. तिथे "बहुधा पश्चिम हिमालय, लालबाग, गिरगाव" असं लिहिलं आहे. परवा आत्याकडे गेले तेव्हा ती एक पट्टी उजेडात धरून एकटीच पाहत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "हे बघ, कडेला केस आहेत बारीक. इतकी वर्षं परतते आहे, कधी दिसलेच नव्हते."